पारसचे पाच ब्राउझर

पारसबद्दल लिहायचं मी सात-आठ वर्षं टाळलं. टाळायला निमित्तं चांगली मिळत गेली. आधी डोळ्यांचं, मग पाठीचं. मध्यंतरी आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाने स्मरणिका काढली आणि ‘मंडळाची संगणकीय वाटचाल’ असा लेख माझ्याकडे मागितला. मी तीन पानं लिहून दिली. त्यात अध्यक्षांचं नाव नऊ वेळा आलं, पारसचं एकदाही नाही. लेख वाचून लोकांनी फोन केले, ‘सर, सगळं डोळ्यांसमोर उभं केलंत.’ निवृत्त मुख्याध्यापकाने लिहिलेलं कोणी तपासत नाही. आमच्या पेशाला निवृत्तीनंतर मिळणारा हा खरा लाभ.

पारस यंदा होळीच्या आधी गेला. आता लिहायला हरकत घेईल असं कोणी नाही. तसं तेव्हाही नव्हतं.

शहाद्याच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, तेव्हा तिथे बसस्टँडही नव्हता म्हणतात. घरात मारवाडी, गल्ल्यावर अहिराणी, सुरतच्या व्यापाऱ्याशी गुजराती आणि माझ्यासमोर मराठी, अशा चार भाषा तो खिशात घेऊन हिंडायचा. माझ्याशी तो शेवटपर्यंत पुस्तकी मराठीतच बोलला. वर्गातली सवय.

आठवीत तो माझ्या वर्गात होता. सहलीचा फॉर्म वाटला होता. सगळ्यांनी भरून दिला, हा फॉर्म हातात धरून उभा.

“काय रे?”

“सर, तोरणमाळला जायला वडिलांचं उत्पन्न कशाला लागतं?”

मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही.

मोठेपणी त्याने दुकान थोरल्या भावावर सोडलं आणि दुकानाच्या वरच्या खोलीत वेबसाइट बनवायला बसला. पतपेढी, शाळा, ट्रॅक्टरचा शोरूम, बी-बियाण्यांची दुकानं, तालुक्यातल्या निम्म्या साइट त्या खोलीत जन्मल्या. भाऊ खालून हाका मारायचा, “पारस, गिऱ्हाईक उनं रे! मन्हं शे का तुन्हं?” म्हणजे माझं आहे का तुझं. आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, “आमचा माल हात लावून बघता येतो. वरचा माल नुसता बघायचा, तोसुद्धा वीज असली तर.”

त्याच्या सवयी विचित्र होत्या. मोबाईलवर ‘मी मान्य करतो’ अशी पाटी आली की आपण अंगठा मारून पुढे जातो. हा उभा राहून ती पूर्ण वाचायचा, ओठ हलवत, एखाद्याने स्तोत्र म्हणावं तशी. मागे रांग लागली तरी. एकदा मी चप्पल घ्यायला त्याला सोबत नेलं होतं. दुकानदाराने बिल करताना माझा मोबाईल नंबर विचारला. मी सांगायला लागलो, तर पारसने माझ्या दंडाला हात लावला.

“कसाले पाहिजे नंबर?” त्याने दुकानदाराला विचारलं.

“शेठ, ऑफर येतीस ना फोनवर.”

“चप्पल लिधी भो, सोयरीक नही जोडी.”

दुकानदार हसला. मला मात्र लाज वाटली. नंबर देऊन टाकला असता तर काय बिघडलं असतं, असं मी बाहेर आल्यावर त्याला म्हणालो. तो म्हणाला, “काहीच नाही, सर. बिघडतं तेव्हाही काही बिघडल्यासारखं वाटत नाही. तीच तर खुबी आहे.”

त्याच्या कॉम्प्युटरवर पाच ब्राउझर होते. ब्राउझर म्हणजे इंटरनेट बघायची खिडकी, एवढं मला कळत होतं. एका घराला पाच खिडक्या कशाला, हे कळत नव्हतं. त्याने प्रत्येकीला नाव ठेवलं होतं. मशीनबरोबर आपोआप येतो तो ब्राउझर म्हणजे ‘धर्मशाळा’. कोणीही यावं, कितीही राहावं, कोणी कोणाला विचारत नाही. दुसरा ‘सासूबाई’. हा जाहिराती अडवायचा, पाळत ठेवणाऱ्यांना दारातच उभं करायचा आणि आज किती जणांना परत पाठवलं त्याचा आकडा कोपऱ्यात मिरवायचा. कधीकधी खरा पाहुणाही परत जायचा, तो भाग वेगळा. तिसरा ‘जावई’. सभ्य, खासगीपणा जपणारा. पण मनासारखं झालं नाही की रुसायचा आणि अर्धं पान पांढरं ठेवायचा. चौथा ‘नाना’, बंद केला की सगळं विसरणारा. पुन्हा उघडलं की पुन्हा विचारणार, आपण कोण? पाचवा ‘वळसागाडी’. आपण कुठून आलो ते कोणाला कळू नये म्हणून तो तीन देश फिरून मुक्कामाला पोचायचा. “इथे शेजारी म्हसावदला जायचं असेल तर हा सुरतवरून नेतो,” पारस म्हणायचा, “पण कंडक्टरलासुद्धा आपलं नाव कळत नाही.”

मी निवृत्त झालो तेव्हा कपाटात एक कोरं हजेरीपत्रक उरलं होतं. ते मी त्याला दिलं. त्यात त्याने पाच ब्राउझरांची हजेरी मांडली. दर सोमवारी सकाळी तो स्वतः बनवलेली प्रत्येक साइट पाचही खिडक्यांतून उघडायचा. फोटो दिसतो का, फॉर्म जातो का, नकाशा येतो का, लॉगिन टिकतं का. दिसलं तर ‘ह’, नाही तर ‘गै’. मला हे फार आवडायचं. मी सोमवारी मुद्दाम चहाला जायचो आणि मीच मोठ्याने हजेरी घ्यायचो.

“नकाशा, सासूबाई?” मी विचारायचो.

“गैरहजर.”

“कारण?”

“नकाशावाल्याच्या मागून आणखी चौघं येत होते, सर. सासूबाईंनी पाचही जणांना हाकललं.”

“मग आता?”

“आता मी पत्ता साध्या अक्षरात लिहितो. नकाशा आला तर आला. सासूबाईंनी सगळं काढून घेतलं तरी माणसाला घर सापडलं पाहिजे.”

एकदा मी त्याला सरळ विचारलं, यातला चांगला कोणता? त्याने मला प्रतिप्रश्न केला, “कशासाठी, सर?” मग बोटांवर मोजत सांगितलं, “रोज राहायला सासूबाई. बँकेच्या कामाला जावई. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसायचं असेल तर नाना. वळसागाडी ज्याला खरंच कोणाची भीती आहे त्याच्यासाठी, आपल्याला एवढं महत्त्व कोण देतो? आणि साइट तपासायला धर्मशाळा.”

“ती कशाला? ती तर वाईट ना?”

“लोक तिथेच राहतात, सर. साइट बनवणारा सासूबाईंच्या पदराखाली बसतो, त्याला सगळं स्वच्छ दिसतं, आणि त्याला वाटतं जग स्वच्छ आहे. जाहिरात पानात असतेच. फक्त आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं.”

हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे ते मला ऐकू येईनासं झालं.

आमच्या तालुक्यात एक स्थानिक बातम्यांची साइट होती. बातमी एक आणि शुभेच्छा दहा. नेत्यांच्या वाढदिवसांचे आडवे फलक, खाली कार्यकर्त्यांचे टिकलीएवढे चेहरे. ती साइट पारसनेच सांभाळायला घेतली होती. एकदा संपादक एका वजनदार माणसाला त्याच्या वाढदिवशी खोलीत घेऊन आले, तुमचा फलक मोठ्या पडद्यावर दाखवतो म्हणून. पारसने सवयीने सासूबाई उघडली. बातमी आली. फलक नाही. वर पांढरं, खाली पांढरं.

“मी कुठे आहे?” वजनदार माणूस म्हणाला.

“आहात, साहेब,” पारस अगदी आदराने म्हणाला, “फक्त अडवलेले आहात.”

संपादकांनी कपाळाला हात लावला. पारसने लगबगीने धर्मशाळा उघडली आणि साहेब हार घालून सगळ्या पानावर पसरले. ते गेल्यावर तो मला म्हणाला, “सर, सासूबाईंच्या शहाद्यात वर्षभर कोणाचाच वाढदिवस नसतो. किती शांत गाव आहे ते!”

मंडळाची वधू-वर साइट त्याच्याकडे गेली ती माझ्यामुळे. संकेतस्थळ समितीचे आम्ही तिघं सभासद. एकाला कॉम्प्युटर येत नव्हता, एक सभेला येत नव्हता आणि तिसरा मी, प्रमुख. पहिल्याच बैठकीत पारसचं आणि आमचं वाजलं. आम्हाला मुलींच्या फोटोखाली वडिलांचा नंबर हवा होता, म्हणजे लोकांना सोयीचं. तो नाही म्हणाला. नोंदणी केलेल्या कुटुंबालाच नंबर दिसेल, आणि कोणी बघितला ते मुलीच्या घरी कळेल.

अध्यक्ष आप्पांना स्थळं कुठून येणार याची काळजी. ते म्हणाले, “पारस, लगीनना बाजार शे हाऊ. झाकी ठेवं तं पोऱ्या कथाईन येतीन?”

“आप्पा,” तो म्हणाला, “पोर तुमन्ही शे. फोटो गावभर फिरना तं परत बलावता येस का?”

आप्पांच्या घरात तीन नाती होत्या. पारसचं म्हणणं मान्य झालं, आणि लोकांनी साइट सुरक्षित आहे म्हणून विश्वासाने नोंदणी केली. या माणसाने आमच्या मुलींची एवढी काळजी घेतली होती, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

नवीन परिचयपत्रं चढवायला त्याने मला लॉगिन दिलं होतं. वेळ होता, हस्ताक्षर वाचायची सवय होती. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर त्यानेच सासूबाई बसवून दिली होती. एकच अट घातली. साइटच्या आतल्या बाजूला एक रिकामा चौकोन होता, त्यात बाहेरचा काही मजकूर चिकटवला की तो पानाचा भाग होतो. “सर, त्या चौकोनात हात घालू नका.”

आणि मग मी धुळ्याला व्याह्यांकडे गेलो.

व्याही तिथल्या मंडळाचे चिटणीस. जेवण झाल्यावर त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर त्यांची साइट दाखवली. खाली काळ्या पट्टीवर आकडे फिरत होते. आत्तापर्यंत किती लोक येऊन गेले त्याचा काउंटर. माझ्या देखत शेवटचा आकडा बदलला. व्याही सुपारी कातरत म्हणाले, “तुमन्या साइटवर किती जण येतस, सर? का मोजाले लाज वाटस?”

सोयऱ्याच्या घरी बसून असलं ऐकून घेतलेला माणूसच मला समजू शकेल. शहाद्याला आल्यावर मी पारसकडे काउंटर मागितला. तो नाही म्हणाला. ते फुकटचे काउंटर नुसतं मोजत नाहीत, कोण आलं, कुठून आलं, कोणतं पान बघितलं हे घेऊन जातात. आणि आज आकडा दाखवतील, उद्या त्याच जागेतून जाहिराती सोडतील. “फुकट देणारा काहीतरी उचलून नेतो, सर. आपल्याकडे उचलण्यासारखं काय आहे? मुलींचे फोटो.”

मी म्हणालो, बरं. मनात म्हणालो, आठवीतला मुलगा मला शिकवतो.

परिचय मेळावा रविवारी होता. शनिवारी दुपारी साडेचार वाजता मी त्याच्या त्या चौकोनात हात घातला. व्याह्यांकडून काउंटरचा मजकूर मागवून ठेवला होता, तो चिकटवला. साइट उघडून बघितली. काउंटर दिसेना. चुकीच्या जागी गेला असेल म्हणून वरच्या भागात चिकटवला, जो सगळ्या पानांवर येतो. दिसेना. खालच्या भागात चिकटवला. दिसेना. मी ठरवलं की व्याह्यांनी मुद्दाम बिघडलेला माल पाठवला, आणि चहा प्यायला उठलो. तीन वेळा चिकटवलं, एकदाही काढलं नाही. जे दिसतच नाही ते काढायचं काय? माझ्याच टेबलावर बसून सासूबाई इमानेइतबारे तिन्ही काउंटर अडवत होत्या आणि कोपऱ्यातला आकडा तीनाने वाढवत होत्या. तो आकडा मी बघितला होता. त्याचा अर्थ लावला नाही.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. ब्राह्मणपुरीचे माझे भाऊबंद, म्हसावद, लोणखेडा, तळोदा, लांबलांबून लोक आले होते. पडदा कार्यालयाचा, लॅपटॉप कार्यालयाचा, त्यात अर्थातच धर्मशाळा. एकेका मुला-मुलीचं पान पडद्यावर यायचं आणि मी माइकवर नाव, शिक्षण, गाव वाचायचो. पारस शेवटच्या रांगेत नेहमीसारखा.

पहिलं पान उघडलं आणि पडद्यावर तीन काउंटर फिरायला लागले. वर एक, मध्ये एक, खाली एक. लोकांना गंमत वाटली. मला कळलं. तिसरं पान एका धष्टपुष्ट इंजिनिअरचं होतं, त्याच्या शेजारी जाहिरात आली, आठ दिवसांत पोट कमी करा. सभागृह हसलं, तोही हसला. मग म्हसावदच्या एका मुलीचं पान आलं. बी.एस्सी. ॲग्री, मोरपंखी साडीतला फोटो. आणि फोटोला अगदी खेटून, कुठल्यातरी यंत्राने केलेल्या मराठीत: ‘तुमच्या जवळ एकटी मुली आता बोलायला तयार आहे. इथे दाबा.’

कोणी हसलं नाही. मागे कुठेतरी दोन-तीन पोरांनी हसू दाबलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. मुलगी पहिल्या रांगेत आईजवळ बसली होती. तिने मान खाली घातली ती मी स्टेजवर असेपर्यंत वर केली नाही. तिचे वडील उभे राहिले.

“हाऊ उद्योग कोना शे?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. “सर, तुम्ही सांगा.”

माइक माझ्याच हातात होता. चाळीस वर्षं मी पोरांना उभं करून विचारलं होतं, कोणी केलं? खरं सांगणाऱ्याला मारणार नाही. मी म्हणालो, “साइटचं तांत्रिक काम पूर्णपणे पारसकडे आहे. त्यात समिती हात घालत नाही.”

पारस शेवटच्या रांगेतून उठून पुढे आला. मला वाटलं, आता बोलणार. त्याने माइक मागितला नाही. खिशातून पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला, त्यातली सासूबाई उघडली आणि तेच पान पुन्हा आणलं. काउंटर गेले, जाहिरात गेली. पडद्यावर फक्त मुलीचा फोटो, नाव, शिक्षण आणि गाव राहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याला वाटलं असणार, आधी मुलीची सुटका करावी, बाकीचं मग.

तेवढ्यात माझ्यामागून कोणीतरी म्हणालं, “दखा, एक बटन दाबं आनि गयं. म्हंजे चाबी यानाच जोडे शे.”

झालं. ज्याला घालवता आलं त्यानेच आणलं, हा निकाल सभागृहात एकमताने लागला. मुलीच्या वडिलांनी त्याला विचारलं, “तुले पोर नही का रे?” त्याला होती, त्याच वयाची. 

मंगळवारी सकाळी तो माझ्या घरी आला. काखेत हजेरीपत्रक. माझ्या बायकोने केलेला चहा त्याने पूर्ण प्यायला, मग पान उघडलं.

“सर, गेल्या आठवड्यात सोमवारी तपासलं तेव्हा काउंटर नव्हता. हे बघा. आणि साइटच्या नोंदीत दिसतं, शनिवारी दुपारी साडेचारला तीन वेळा घातला गेला. तुमच्या नावाच्या लॉगिनने.”

मी चष्मा पुसायला घेतला. पुसत राहिलो.

त्याने रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, “कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरला असणार. वहीत लिहून ठेवता ना तुम्ही?”

मी म्हणालो, “असेल बुवा. घरात येणं-जाणं असतं लोकांचं.”

“बदलून टाकू या.”

आणि आम्ही दोघांनी मिळून पासवर्ड बदलला. तो शेजारी उभा राहून, मी टाइप करताना रीतीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून. मी नवा पासवर्ड दोनदा टाइप केला.

“ही नोंद,” मी विचारलं, “मंडळाच्या सभेत दाखवणार आहेस का?”

“कोण कधी आलं, काय केलं, हे तिसऱ्याला सांगत फिरणं हाच तर तो सगळा धंदा आहे, सर. मी वीस वर्षं लोकांना सांगतोय की हे करू नका.” हजेरीपत्रक मिटत तो म्हणाला, “स्वतःवर आलं की सोडून द्यायचं?”

दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, “शनिवारी रात्री मी साइट उघडली होती. पण सासूबाईत. धर्मशाळेत बघायला हवं होतं. तेवढं मात्र माझं चुकलं.”

सभेतही तो तेवढंच बोलला. आप्पांनी विचारलं, तुला काही सांगायचंय? तो म्हणाला, “आदल्या दिवशी तपासायला हवं होतं. माझी चूक.” कोणाकडेही न बघता. मी इतिवृत्त लिहीत होतो. माझं अक्षर वळणदार आहे. ‘सदर प्रकाराची जबाबदारी संबंधित तांत्रिक व्यक्तीवर निश्चित करण्यात येते.’ हे वाक्य मंडळाच्या कपाटात आजही आहे, खाली माझी सही आहे, आणि ते खोटं आहे. त्याच सभेत कोणीतरी म्हणालं, बाहेरच्या माणसाकडे द्यायलाच नको होतं. ज्याच्या आजोबांचं दुकान आमच्यातल्या निम्म्यांच्या लग्नाचे बस्ते बांधून देत आलं, तो माणूस त्या दुपारी बाहेरचा झाला. मी मान हलवली का? हलवली.

मग एकेक साइट गेली. कोणी भांडलं नाही. पतपेढीने सांगितलं, संचालक मंडळाचा विचार आहे. माझ्याच शाळेने सांगितलं, नवीन माणसाला संधी द्यायचीय. दुकानाच्या पायऱ्यांवरून वर जाणारी वर्दळ थांबली. थोरला भाऊ आता खालून हाका मारत नव्हता. वर्षभरात पारस विसरवाडीला गेला. तिथे हायवेवर त्याच्या मेहुण्याच्या ओळखीचं एक हॉटेल होतं, वर एक खोली. हॉटेलवाल्यांच्या, ट्रकवाल्यांच्या साइट करून देऊ लागला. म्हसावदच्या त्या मुलीचं लग्न पुढच्याच वर्षी झालं, चांगल्या घरी. पत्रिका मला आली होती. मी आहेर पाठवला, गेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सुरतला निघालो होतो. एस.टी. विसरवाडीला थांबली, कंडक्टर म्हणाला, पंधरा मिनिटं. खिडकीतून बघितलं तर हॉटेलच्या बाकावर पारस. केस सगळे पांढरे. मांडीवर लॅपटॉप, शेजारी तिशीतला हॉटेलमालक वाकून बघतोय. पारस त्याला समजावत होता, “भाऊ, ट्रकवाला घाईमा ऱ्हास. त्याले तीन गोष्टी पाहिजेत. पार्किंग शे का, जेवण रातले कधलोंग भेटस, आनि आंघोळले पाणी शे का. बाकी बठ्ठं कशाले?”

मी उतरलो. माझं वाक्य तयार होतं. शहाद्यापासून नाही, पाच-सहा वर्षांपासून. देवपूजा करताना, फिरायला जाताना, मी ते घोकलं होतं, जसं आम्ही पोरांकडून पाढे घोकून घ्यायचो तसं.

त्याने मला बघितलं आणि लॅपटॉप बाकावर ठेवून उभा राहिला. वर्गात उभा राहायचा तसा.

“सर! तुम्ही इकडे कुठे?” आणि मालकाला म्हणाला, “ह्या मन्हा सर शेतस.”

मी काही म्हणायच्या आत त्या तरुण माणसाने वाकून माझ्या पायांना हात लावला. पारसभाऊंचे सर म्हणून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सवयीने. चहा आला. पारसने माझ्या डोळ्यांची चौकशी केली, कोणता डोळा, किती दिवस पट्टी, सोबत कोण. मुलगा सुरतला स्टँडवर येणार आहे हे ऐकल्यावर त्याला बरं वाटलं. तो माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होता आणि माझ्यापेक्षा थकलेला दिसत होता. 

कंडक्टरने घंटी दिली. पारसने माझी पिशवी उचलली आणि गाडीच्या दारापर्यंत आणली. मी पायरीवर चढलो, वळलो. तो खाली उभा, पिशवी वर देत. आमच्यात हातभर अंतर होतं आणि इंजिनचा आवाज होता, पण एवढा नाही की बोललेलं ऐकू जाऊ नये.

वाक्य असं होतं: ‘पारस, तो काउंटर मी टाकला होता, आणि तुला ते माहीत होतं. माझ्यामुळे तुझं नाव गेलं. मला माफ कर.’

मी पिशवी घेतली आणि म्हणालो, “चहा चांगला असतो हो इथला.”

“हो, सर,” तो म्हणाला, “आलं घालतात.” आणि गाडी निघाली.